देवराव मिस्त्रीचा भरबाजारातला प्रश्न

"अबे ए शेट! धार कशी आहे तुझी? सांग ना बे, मुका झाला का?"

रस्त्याच्या पलीकडून देवराव ओरडत होता. बाजाराचा दिवस. माझ्या पाइप-फिटिंगच्या दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं उभी, त्यात दोन बाया, एक ग्रामसेवक आणि एक सासऱ्याबरोबर आलेला कोरा जावई. देवरावचा आवाज असा, की हायवेवरून जाणारा ट्रकवाला आपलंच टायर फुटलं समजून ब्रेक मारायचा. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर चार ट्रक सांगितले असते.

"तू दुरुस्त केलेल्या मोटरीपेक्षा बरी आहे!" मीही ओरडलो. दुकान खदाखदा हसलं. जावई लाजून नळाच्या तोट्या मोजायला लागला. देवराव मात्र हसला नाही. कपाळावर हात धरून, उन्हातून डोळे बारीक करून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"पक्कं?"

"पक्कं, बाप्पा! स्टांपावर लिहून देऊ काय?"

"मंग ठीक आहे," म्हणून तो आत गेला.

ते साफ खोटं होतं. वीस दिवसांपासून मला लघवीला आग होत होती. अर्ध्या-अर्ध्या तासाला जावंसं वाटे, आणि गेलं की थेंब थेंब. गादीवर बसलो की बैठकीच्या मधोमध, आत खोल कुठंतरी, कोणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखे. कारंजा घाडग्यात हे ज्याच्याजवळ बिनदिक्कत बोलावं असा एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच मी खोटं सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. समोर उघडून ठेवलेली मोटर, हातात चहाचा कप... छाती आवळून आली आणि संपलं. शेजारचा चहावाला धावत माझ्या दुकानात आला, "शेटजी, मिस्त्री उठून नाई राह्यले" एवढंच म्हणाला. मी रस्ता ओलांडला. तेवढा रस्ता मला त्या दिवशी अमरावतीएवढा लांब वाटला.

याला आता सहा आठवडे झाले.

देवराव आमच्या तालुक्याचा मोटर मिस्त्री. संत्र्याच्या बागा आहेत तिथं विहिरी, विहिरी तिथं मोटरी, आणि मोटरी तिथं देवराव. जळालेली मोटर नुसती हुंगून तो सांगायचा, की हिला व्होल्टेजनं मारलं की मालकाच्या कंजुषीनं. एकदा त्यानं बंद मोटरीला कान लावला आणि म्हणाला, "हिच्यात पाल आहे." उघडली तर पाल निघाली. मी ही गोष्ट लग्नाकार्यात सांगतो तेव्हा पालीला दोन पिलंही असतात, तो भाग सोडून द्या. आमची दुकानं समोरासमोर. तो मोटर बांधायचा, मी पाइप विकायचो. त्याच्याकडून निघालेलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून माझ्याकडं, माझ्याकडून निघालेलं त्याच्याकडं. पंचवीस वर्षं. भावाभावांतही इतकी वर्षं एका सरळ रेषेत कोणी बसत नाही.

त्याच्या दुखण्याची गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. सेहेचाळीस वय, बैलासारखा माणूस. तो तीन आठवडे केळझरकडं एका बागायतदाराच्या विहिरींवर कामाला गेलता, राहायलाही तिथंच. परत आला तो चैत्रात, अंगात बारीक ताप घेऊन. लघवीला आग, कंबर धरलेली, रात्रीतून पाच वेळा उठणं. आपल्याकडं उन्हाळ्यात पुरुषाला लघवीची आग झाली की निदान ठरलेलं: उन्हाळी लागली. मग साऱ्या बाजारानं त्याला औषधं सुचवली. कोणी धन्याचं पाणी, कोणी सब्जा, कोणी गोखरू, कोणी बेंबीवर ओल्या मातीचा थापा. मी स्वतः त्याला नवसागराचा एक गावरान उपाय सांगितला, जो मी त्याच क्षणी बनवला होता. डॉक्टरचं नाव मात्र कोणी घेतलं नाही.

आणि देवरावही जाईना. का, ते मला नंतर कळलं. तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी नेहमीच्या लहरीत बोलून गेलो होतो, "मिस्त्रीले केळझरची हवा लागली वाटते, बावा. तीन हप्ते बायकोशिवाय!" पाच माणसं हसली. पाचांची पन्नास व्हायला आमच्या गावात दुपार पुरते. संध्याकाळपर्यंत केळझरला एक बाई उभी राहिली, दुसऱ्या दिवशी तिला नाव मिळालं, तिसऱ्या दिवशी तिचं घर कोणत्या गल्लीत तेही लोक सांगायला लागले. हे सगळं फिरून शांतावहिनींच्या, म्हणजे देवरावच्या बायकोच्या, कानावर गेलं.  त्यांनी त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. देवरावनं ते पाहिलं आणि त्याच्या मनात एकच बसलं: आता डॉक्टरकडं गेलो की डॉक्टरही हेच समजणार, आणि साऱ्या गावाचं म्हणणं खरं ठरणार.

म्हणून त्यानं स्वतःवर स्वतःच इलाज केला. तो मोटर मिस्त्रीच करू जाणे. विहिरीवरचा पंप बरेच दिवस बंद राहिला की पाइपातलं पाणी उतरतं, आत हवा धरते, आणि बटण दाबलं तरी तो नुसता घरघरतो, पाणी उचलत नाही. मग वरून बादलीनं पाणी ओतून पाइप तोंडोतोंड भरायचा, हवा काढायची आणि चालू करायचं. याला प्रायमिंग म्हणतात. देवरावनं विचार केला: धार बारीक झाली, म्हणजे लाइनीत हवा धरली. वरून भरा! सकाळी आठ वाजता तो तांब्या घेऊन माठाजवळ बसला. एक तांब्या, दोन, चार... माठ संपला तसा शेजारचा माठ. मी सांगतो तेव्हा आमच्या धरणाची पातळी त्या दिवशी दोन बोटं खाली जाते. खरी गोष्ट इतकीच, की दहा वाजता थेंब थेंब येत होतं तेही थांबलं. अकरा वाजता ओटीपोट ढोलकीसारखं ताणलं. बारा वाजता वहिनी भरउन्हात अनवाणी रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आल्या.

"भाऊजी, गाडी काढा. माणूस मरून राह्यला माहा."

पाइप वाहायच्या टेम्पोत गादी टाकून आम्ही त्याला वर्ध्याला नेला. सत्तर किलोमीटर. थंडी वाजून तो थाडथाड उडत होता, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पण त्याच्याकडं बघत नव्हत्या; मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघत होत्या.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण, माझ्या पुतण्याच्या वयाचा. त्यानं आधी ओटीपोटातून एक बारीक नळी आत घालून तुंबलेलं पाणी काढलं. खालच्या वाटेनं का नाही, असं देवरावनं त्या हालातही विचारलं. डॉक्टर म्हणाला, "काका, सूज तिथंच आहे. सुजलेल्या जागेला डिवचायचं नसतं." मग रक्त घेतलं, लघवी तपासायला पाठवली, सुईतून औषध सुरू केलं. मागच्या वाटेनं बोट घालून हलक्या हातानं तपासावं लागेल म्हणाला, तेव्हा देवराव अंथरुणात उठून बसला. "माहा बाप मेला, पण कोणी असं..." डॉक्टर शांतपणे म्हणाला, "तुम्ही मोटर न उघडता सांगता का, काय जळलं ते?" देवराव खरं तर सांगायचा, हुंगून. पण त्या वेळी तो निमूट कुशीवर वळला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप जरा उतरल्यावर डॉक्टरनं कागदाच्या मागं चित्र काढून दाखवलं. मूत्राशय म्हणजे वरची टाकी. तिच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती एक ग्रंथी असते, अक्रोडाएवढी. तिला प्रोस्टेट म्हणतात. ती फक्त पुरुषालाच असते, वीर्यातलं थोडं पाणी ती बनवते, आणि एरवी जन्मभर तिचं नावही आपल्याला माहीत नसतं. तिच्यात जंतू शिरले की ती सुजते. सुजली की मधून जाणारी नळी आवळते. म्हणून आग, म्हणून थेंब थेंब, म्हणून थंडी-ताप. "तुम्ही वरून जितकं भरलं तितकं टाकीत साचलं, काका. खालची वाटच बंद होती. आणखी उशीर झाला असता तर जंतू रक्तात पसरले असते. मग माझ्या हातात फार काही राहिलं नसतं."

देवरावनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हणजे पाइप साबूत आहे. बाहेरून चढवलेली रबरी रिंग फुगली, आन् तिनं पाइप दाबला."

"बरोबर."

"आन् मी प्रायमिंग करत बसलो," देवराव म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड केलं.

तेव्हा वहिनींनी विचारलं. वॉर्डात सहा पलंग, प्रत्येकाजवळ दोन-दोन माणसं. पण त्यांनी आवाज लहान केला नाही. "डॉक्टरसाहेब, हे बाहेरचं होय का? बाईचं?"

सहाही पलंगांवरच्या माना आमच्याकडं वळल्या. डॉक्टरनं तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही, याबद्दल मी त्याला जन्मभर मानीन. तो म्हणाला, "बाई, कधीकधी तसल्या संसर्गातूनही होतं, म्हणून तीही तपासणी केली. यांची साफ आहे. यांच्या लघवीत सापडलेले जंतू आपल्या आतड्यात राहणारेच आहेत. चुकून लघवीच्या वाटेला लागतात. कोणालाही होऊ शकतं. साध्यातल्या साध्या, सरळ माणसाला."

वहिनी उठल्या, पदर खोचला आणि मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. "भाऊजी, केळझरचं गावात पहिलं कोणं काढलं? नाव सांगा. आता जाऊन त्याच्या दारात बसतो मी."

मी जिन्याकडं बघितलं. "कोणीतरी बोललं असेल, वहिनी. लोकाईचं काय..."

माझं ते पहिलं खोटं.

देवराव चांगला दीड महिना गोळ्यांवर होता. पाचव्या दिवशी ताप गेला, दहाव्या दिवशी तो घोड्यासारखा चालायला लागला आणि गोळ्या बंद करतो म्हणाला. वहिनींनी कुंकवाच्या डबीशेजारी गोळ्यांचा डबा ठेवला आणि दोन्ही वेळा समोर उभं राहून त्या गिळायला लावल्या. डॉक्टरनं बजावलं होतं, की औषध त्या ग्रंथीत मुरायला वेळ लागतो. बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडलं तर उरलेले जंतू पुन्हा डोकं काढतात आणि मग दुखणं घर करून बसतं. देवराव बरा झाला, खडखडीत. आणि बरा झाल्या झाल्या त्याला दुसरंच वेड लागलं.

आपल्या दुकानाच्या दारात त्यानं अर्ध्या इंची पाइपाचा एक वीतभर तुकडा टांगला, त्यावर एक जाड रबरी रिंग चढवलेली. मोटर घ्यायला कोणी शेतकरी आला की ती हातात द्यायच्या आधी देवराव विचारायचा, "धार कशी आहे?" माणूस बावरला की पाइप काढून रिंग दाबून दाखवायचा. "हे पाह्य. हे तुह्यातही आहे, माह्यातही आहे, सरपंचातही आहे." लोक चिडले. एका निवृत्त मास्तरांनी तर आपली मोटर उचलली आणि थेट दुसऱ्या मिस्त्रीकडं नेली. देवराव मागून ओरडला, "मोटर न्या गुरुजी, पण धार सांगून जा!" गिऱ्हाईक तुटलं. मी म्हटलं, "अबे देवराव, धंदा बुडवशील." तो म्हणाला, "धंदा बुडला तर पुन्हा उभा राह्यते. मी त्या दिवशी टेम्पोत बुडून राह्यलो होतो, तेव्हा कोणी विचारलं होतं का, की बावा, तुले काय होते? साऱ्यायनं धने सांगितले."  त्याला नवसागर मी सांगितला होता.

हळूहळू त्याला बरंच कळायला लागलं. वर्ध्याला कोणाला घेऊन गेला की तो डॉक्टरजवळ बसून ऐकायचा आणि इथं येऊन आपल्या भाषेत सांगायचा. "सूज वेगळी, म्हातारपणी वाढते ते वेगळं, आन् कॅन्सर वेगळा. एकाच घरातले तीन भाडेकरू आहेत. एकाच्या नावानं दुसऱ्याले शिव्या नोका देऊ. कोण होय ते डॉक्टरले ठरवू द्या." सूज फक्त म्हाताऱ्यांनाच येते हाही लोकांचा समज त्यानंच मोडला. ढाब्यावर उतरलेला चौतीस वर्षांचा एक ट्रक ड्रायव्हर, तापानं फणफणलेला, ताकावर ताक पीत बसला होता. उन्हाळी उतरवत होता बिचारा. देवरावनं त्याच्या हातातला गिलास काढून घेतला, क्लीनरला ट्रकजवळ बसवलं आणि ड्रायव्हरला दवाखान्यात पोचवलं. मी सांगतो तेव्हा देवराव स्वतः तो ट्रक चालवत वर्ध्याला नेतो. खरं तर त्याला सायकलपलीकडं काही चालवता येत नव्हतं. त्यानं गावातल्या भाड्याच्या जीपवाल्याला गळ घातली होती.

आणि ते रागावून गेलेले गुरुजी सात-आठ महिन्यांनी परत आले. मोटर न घेता. बसलं की दुखतं, पोटाखाली दुखतं, मांड्यांत उतरतं. सगळे रिपोर्ट साफ. घरचे म्हणतात रिकामपणाचे चाळे. देवरावनं त्यांना खुर्ची दिली. "गुरुजी, मोटर कधी कधी हाताले करंट मारते आन् मीटरवर काही दिसत नाई. म्हणून करंट खोटा का?" गुरुजींना जंतूंशिवायची, जुनाट जातीची सूज निघाली. तिला गोळ्यांचा जोरही फार चालत नाही. गरम पाण्यात बसणं, कमरेखालचे स्नायू सैल सोडायचा व्यायाम, लघवीची वाट मोकळी करणारी गोळी, आणि धीर; असं सगळं मिळून वर्षभरात त्यांना पुष्कळ आराम पडला. पुरता नाही. पण कोणीतरी आपलं दुखणं खरं मानलं, एवढ्यावरच अर्धं कमी झालं, असं ते मला देवरावच्या मयतीत म्हणाले.

आता माझं सांगतो. ही अकरा वर्षं मी देवरावच्या प्रायमिंगची गोष्ट विकून खाल्ली. लग्न असो, बारसं असो, निवडणुकीचा फड असो, लोक म्हणायचे, "शेट, ते माठवालं सांगा." आणि मी उभा राहून, पोट फुगवून, डोळे बाहेर काढून सांगायचो. दर वर्षी एक माठ वाढायचा. देवराव स्वतः समोर बसून हसायचा, म्हणायचा, "सांग बे सांग, तेवढंच लोकाईले कळते." त्यामुळं स्वतःला आग सुरू झाली तेव्हा पहिला विचार दवाखान्याचा नाही आला. पहिला विचार आला, की आता ही गोष्ट माझ्यावर सांगतील. दुसरा विचार आला कॅन्सरचा, आणि त्या विचारानं तर तोंडच शिवलं. मेडिकलवरून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या, खाल्ल्या, जरा थंड वाटलं, पुन्हा आग. बायकोला, कुसुमला, सांगितलं गरम पडलं. आणि देवराव भरबाजारात ओरडून विचारत होता तेव्हा मी त्याला स्टांपाचा विनोद ऐकवला.

त्याच्या तेरवीच्या दिवशी पंगतीत वाढता वाढता मला हुडहुडी भरली. भर वैशाखात, माणसं उपरण्यानं वारा घेताहेत आणि माझ्या हातातलं वरणाचं भांडं थरथरतंय. कुसुमनं भांडं काढून घेतलं, कपाळाला हात लावला. "हे गरम पडल्याचं नाई. काय होऊन राह्यलं तुमाले? खरं सांगा." मी पंगतीकडं पाहिलं. माझ्या गोष्टीवर पोट धरून हसलेली निम्मी माणसं तिथं जेवत होती. एक घोट पाणी प्यालो, आणि देवरावसारखा नाही, पण चार पानांपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, "धार बंद व्हायला आली आहे. देवरावचं होतं तेच आहे मले. गाडी काढा."

कोणी हसलं नाही. गुरुजी पानावरून उठले, हातही धुतला नाही, तसेच जीपवाल्याला आणायला धावले.

तोच डॉक्टर. आता त्याच्याही कानशिलाशी पांढरे केस आलेत. यावेळी नळी लागली नाही; वेळेत पोचलो होतो. त्यानं तीन दिवसांच्या गोळ्यांवरून मला फैलावर घेतलं, लघवी तपासायला लावली, चार आठवड्यांचं औषध लिहून दिलं. कॅन्सरच्या भीतीनं मी प्रोस्टेटची रक्ताची तपासणी लगेच करा म्हणून हट्ट धरला, तर म्हणाला, "आत्ता सूज आहे, आत्ता आकडा वर येईलच आणि तुम्ही उगाच मराल भीतीनं. सूज उतरू द्या, मग करू." निघताना विचारलं, "ते पंपवाले काका कसे आहेत?" मी सांगितलं. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

चार दिवसांत ताप गेला. ताप गेला तसं दुसरं सुरू झालं. दुकानात बसलो की समोर देवरावचं दुकान. आता तिथं शांतावहिनी बसतात. पुष्कळांना माहीत नाही, पण मोटरीची वाइंडिंग पंचवीस वर्षं त्याच करत आल्या आहेत. देवराव मोटर उघडायचा, जोडायचा, ओरडायचा. साच्यावर तांब्याच्या तारेचे फेरे मात्र वहिनी घालायच्या, घरी बसून. आता मोटर उघडायचंही त्यांनी हाती घेतलंय. त्या फेरे मोजत असल्या की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही हा तिथला कायदा. आकडा चुकला तर गुंडाळी पुन्हा उकलावी लागते. देवराव दुनियेवर ओरडायचा, पण वहिनींचे ओठ हलताना दिसले की पायातली चप्पल काढून हातात घ्यायचा.

दोन आठवड्यांपूर्वी एका दुपारी मी रस्ता ओलांडून गेलो. वहिनी खाली चटईवर बसल्या होत्या, उजव्या हातानं साच्याचा दांडा फिरवत, डाव्या हाताच्या बोटांतून तार सोडत. ओठ हलत होते. थांबायला पाहिजे होतं. पण थांबलो असतो तर पुन्हा बाहेर आलो असतो, आणि बाहेर येऊन एक गोष्ट रचली असती. म्हणून बोललो.

"वहिनी, अकरा वर्षांमागं केळझरचं टपरीवर मी काढलं होतं. पहिल्यांदा मीच. आन् त्या बाजाराच्या दिवशी त्यानं मले विचारलं, तेव्हाही मी खोटं सांगितलं. मले तेव्हाच त्रास होता. तो विचारत होता, आन् मी हसत होतो..."  

वहिनींचा हात थांबला नाही. दांडा फिरत राहिला, तार सरकत राहिली. छत्तीस, सदतीस, अडतीस... चव्वेचाळीसवर त्यांनी तार तोडली, टोकाला गाठ मारली, गुंडाळी साच्यावरून उतरवून सुती दोऱ्यानं बांधली, बाजूला ठेवली. मग माझ्याकडं पाहिलं.

"टपरीचं त्यायले माहीत होतं. मागून मलेही कळलं," त्या म्हणाल्या. "गोळ्या किती दिवसाच्या राह्यल्या?"

"बारा."

"मंग त्या घ्या आधी. उपाशीपोटी नोका घेऊ."